टोपीबाईंचं बटणाचं वाक्य

वर्ग हसला आणि टोपीबाई दचकल्या.

एरवी वर्ग हसला की त्यांना बरं वाटायचं. दुपारचा तास, अठ्ठेचाळीस मुलं आणि इंग्रजीचं व्याकरण. अशा वेळी निम्मी मुलं जागी असली तरी पुष्कळ. आज तर मुलं बाकं बडवून हसत होती. खिडकीजवळचा एक लांबुडका मुलगा पोट धरून ‘आई गं’ म्हणत होता. बाई मात्र खडूचा हात हवेत तसाच ठेवून फळ्यावरचं आपलंच वाक्य वाचत उभ्या होत्या.

‘हॅविंग स्वॉलोड अ बटन, द टेलर रश्ड द बेबी टू द डॉक्टर.’

लिहिणाऱ्याला म्हणायचं होतं की बाळानं बटण गिळलं आणि शिंपी त्याला घेऊन डॉक्टरकडे धावला. वाक्य म्हणतं की बटण गिळलं शिंप्यानं आणि डॉक्टरकडे नेलं बाळाला. पोरं हसणारच.

पण हे वाक्य बाईंनी आत्ता रचलेलं नव्हतं. ते त्यांनी दोन महिन्यांपूर्वी रचलं होतं आणि या क्षणी ते परीक्षा मंडळाच्या तिजोरीत, लाखेनं बंद केलेल्या पाकिटात असायला हवं होतं. शाळेच्या शेवटच्या मोठ्या परीक्षेची इंग्रजीची प्रश्नपत्रिका, प्रश्न चौथा, उपप्रश्न ब: पुढील वाक्यातील दोष सांगा आणि ते दोन प्रकारे दुरुस्त करून लिहा. गुण चार.

बाईंनी फडकं उचललं आणि फळा पुसला.

“बाई, थांबा ना! लिहून नाही झालं!” पुढच्या बाकावरची एक मुलगी ओरडली. ही मुलगी बाई खोकल्या तरी लिहून घ्यायची.

“काही लिहायची गरज नाही. दुसरं सांगते.”

दुसरं काय सांगितलं ते बाईंना नंतर आठवेना.

टोपीबाई हे नाव मुलांनीच पाडलेलं. पार्टिसिपल फ्रेज शिकवताना त्या सांगत, की वाक्याच्या सुरुवातीला हे जे क्रियापदाचं अर्धवट पिल्लू येतं, धावताना, थकून, बटण गिळून, ती एक टोपी समजा. स्वल्पविरामानंतर जे पहिलं डोकं दिसेल त्याच्यावर ती बसणार. डोकं चुकलं की वाक्य फसलं. मराठीत आपण बिनदिक्कत म्हणतो, ‘घरी जाताना पाऊस लागला.’ घरी कोण जात होतं, हे पावसाला कुणी विचारत नाही. ऐकणारा समजून घेतो. इंग्रजी असं समजून घेत नाही. तिथे ‘घरी जाताना’ची टोपी पावसाच्या डोक्यावर बसते आणि पाऊसच पिशवी घेऊन घरी निघतो. “म्हणून आधी विचारायचं, टोपी कुणाची?” असं बाई म्हणायच्या आणि वर्ग एका सुरात ओरडायचा, “मालकाची!”

मुलं चिडवताना म्हणत, “बाई सगळ्यांना टोपी घालतात.” ते बाईंच्या कानावर होतं. त्यांना त्याचं काही वाटत नसे. चुकांचं मात्र त्यांना फार वाटे. त्यांचे वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे. इंग्रजी त्यांना येत नसे. कागदावरचं अक्षर बघून ते चित्रासारखं उतरवायचे. एकदा एका औषधवाल्याच्या पाटीत एक अक्षर राहिलं. औषधवाल्यानं त्यांना भर बाजारात शिडीवर चढवून, खालून ओरडत, ती पाटी पुसायला लावली. आठ वर्षांची मुलगी रंगाचा डबा धरून खाली उभी होती. त्या दिवसापासून ती जे इंग्रजी शिकत सुटली ते आजतागायत. लोकांना त्यात हुशारी दिसायची. होती ती निव्वळ धास्ती.

सव्वीस वर्षं नोकरी झाल्यावर मंडळाचं बंद पाकीट घरी आलं: प्रश्नपत्रिका काढणाऱ्या तिघांत तुमचं नाव आहे. तिघांनी वेगवेगळी पत्रिका काढायची, मंडळ त्यातली एक चिठ्ठी टाकून निवडणार. कोणाची निवडली हे परीक्षेच्या सकाळपर्यंत कुणालाच कळायचं नाही. आणि या कामाबद्दल शाळेत, घरात, कुणाकडे अवाक्षर काढायचं नाही. बाईंनी त्यावर सही केली. कुणाला सांगता येत नाही असा मान मिळाला की माणसाची मोठी पंचाईत होते.

बटणाचं वाक्य त्यांना इस्त्री करताना सुचलं होतं. त्यांची नणंद कपडे शिवायची. बाईंचा नवरा गेल्यापासून दोघी एकत्रच राहत. दुकान खाली, बिऱ्हाड वर. एका गिऱ्हाइणीच्या बाळानं दुकानात खरोखरच बटण गिळलं होतं आणि नणंद त्याला काखोटीला मारून डॉक्टरकडे पळाली होती. बाळाला काही झालं नाही. बाईंना मात्र वाक्य मिळालं. मिळालं तेव्हा त्या इस्त्री तशीच ठेवून एकट्याच हसल्या आणि उशीचा अभ्रा जाळला. इतकं सुरेख वाक्य त्यांच्या हातून कधी झालं नव्हतं. दोष एकच, पण लख्ख. दुरुस्तीच्या दोन वाटा. आणि वर हसू.

कच्चे कागद त्यांनी फाडून, बादलीत भिजवून, लगदा करून टाकले होते. डोक्याचा लगदा कसा करायचा ते मंडळाच्या नियमांत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी वर्गाच्या सगळ्या वह्या गोळा केल्या. “अक्षर तपासायचंय,” म्हणाल्या.

“व्याकरणाच्या वहीतलं?” लांबुडका म्हणाला. “त्यात कुणी अक्षर चांगलं काढतं का, बाई?”

“म्हणूनच तपासायचंय.”

मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत बसून त्यांनी अठ्ठेचाळीस वह्या चाळल्या. त्यांना आशा होती की पाचसहा जणांनीच लिहून घेतलं असेल. कशाचं काय! जी मुलं साधी तारीख टाकायला कंटाळतात त्यांनी हे वाक्य न चुकता उतरवलं होतं. एकतीस वह्या. एकीत शिंप्याचं चित्र होतं, पोटात बटण आणि गळ्यात टेप. पुढच्या बाकावरच्या मुलीनं दोन चांदण्या काढून समासात बारीक लिहिलं होतं: ‘सगळे हसले, बाई हसल्या नाहीत. लगेच पुसलं. नक्की इम्पॉर्टंट.’

बाईंच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. पान फाडावं? एका वहीतलं फाडलं तर एकतीस फाडावी लागतील. त्या मुलीला बोलावून ‘हे महत्त्वाचं नाही’ म्हणून सांगावं? म्हणजे तर शिक्काच बसला. कुणाला विचारावं? विचारायचं म्हणजे सांगायचं, आणि सांगायचं नाही यावर तर सही केलेली.

मग त्यांनी जे केलं ते फक्त शाळामास्तरणीलाच सुचेल. त्यांनी त्या वाक्याला गर्दीत बुडवायचं ठरवलं. चाळीस वाक्यांचा एक तक्ता काढला. धावताना टोपी उडाली, जेवून झाल्यावर भांडी झोपली, गच्चीवरून बघताना नदी लहान दिसली, असली चाळीस. प्रत्येकाला प्रत दिली. चाळीसांत एक वाक्य हरवतं, अशी त्यांची समजूत.

“बाप रे, बाई! चाळीस?”

“परीक्षा जवळ आलीय.”

“नऊ आठवडे आहेत अजून!”

पुढच्या बाकावरच्या मुलीनं मात्र तक्त्यावरून बोट फिरवलं, पुन्हा एकदा वरून खाली फिरवलं आणि हात वर केला.

“बाई, बटणवालं यात नाही.”

“नसू दे.”

“पण तेच तर सगळ्यांत चांगलं होतं. का नाही घेतलं?”

अठ्ठेचाळीस चेहरे वर झाले. बाईंनी उत्तराऐवजी फडकं झटकलं. खडूची भुकटी नाकात जाऊन दोन शिंका आल्या म्हणून निभावलं. मुलीनं वहीत काहीतरी लिहिलं. बाईंना ते वाचायची हिंमत झाली नाही.

त्या आठवड्यात त्यांच्या घशाखाली घास उतरेना. हिशोब चालूच. तिघांतून एक पत्रिका. म्हणजे आपली नसण्याचाच संभव जास्त. नसली तर कुणी हूं की चूं करणार नाही. पण असली तर? अठ्ठेचाळीस मुलांना चार गुण घरबसल्या, आणि बाकीच्या दोन लाखांना नाही. शिवाय कुणीतरी म्हणेल, या शाळेला पेपर आधी ठाऊक होता. मुलांचा निकाल अडकेल. त्या चांदण्या काढणाऱ्या मुलीला समोर बसवून विचारतील, तुला कुणी सांगितलं? मुलगी खरं सांगेल. ती खोटं बोलणारी नव्हेच.

“वहिनी, काय झालंय तुला?” नणंद एका संध्याकाळी म्हणाली. ती वयानं मोठी. बाई तिला ताई म्हणत आणि ती जन्मभर बाईंना दटावत आलेली. “तोंड का सुकलंय? पोट बिघडलंय?”

“नाही हो, ताई.”

“बघ बाई. अंगावर काढू नकोस. बरं, एक गंमत ऐक. आज पावाच्या दुकानवाली ब्लाउज घालून बघायला आली होती. तिची मुलगी त्या पलीकडच्या शाळेत आहे ना, तिनं एक विनोद आणलाय. म्हणे शिंप्यानं बटण गिळलं आणि डॉक्टरकडे नेलं बाळाला!”

बाईंच्या हातातला पेला गादीवर पडला.

“मी म्हटलं, अगं, हे तर माझ्याच दुकानात झालंय! बटण बाळानं गिळलेलं. हे उलटं कुणी केलं? तूच वर्गात सांगितलंस ना? खरं सांग.” ताई हसत होती आणि चिडलीही होती. “सांगायचं तर नीट सांगावं. बटण मी गिळलं म्हणून गावभर करतेस होय? उद्या गिऱ्हाइकं म्हणतील, बटणं मोजून घ्या हो, शिंपीण खाईल.”

“पलीकडच्या शाळेतही गेलं?” बाईंनी विचारलं.

“अगं, विनोदच तो. विनोदाला काय दार लागतं?”

गादी ओली झाली होती. ती पुसायचं बाईंना सुचलं नाही.

रविवारी सकाळी, ताई दुकानात उतरल्यावर, त्या मंडळाला पत्र लिहायला बसल्या. पहिल्या कागदावर लिहिलं: ‘अध्यापन करीत असताना सदर वाक्य अनवधानाने उच्चारले गेले.’ वाचलं आणि त्यांचाच त्यांना संताप आला. उच्चारले गेले? कुणी उच्चारलं, खडूनं? सव्वीस वर्षं दुसऱ्यांना मालक शोधायला लावणाऱ्या बाईंनी स्वतःच्या वाक्यातून स्वतःलाच पळवून लावलं होतं. कागद चुरगळला. दुसऱ्यावर लिहिलं: ‘मी सदर वाक्य अनवधानाने उच्चारले.’

हे बरं होतं. पण ‘अनवधानाने’ या शब्दाशी लेखणी अडली. खरंच का?

त्या तासाला काय झालं होतं ते त्यांनी पुन्हा आठवलं. दोन उदाहरणं देऊन झाली होती. मुलं पेंगत होती. शेवटच्या बाकावरचा एक जण चक्क डोकं टेकून झोपला होता. बाईंना वाटलं, एक चांगलं हवं. पिशवीत हात घालावा तसा डोक्यात घातला आणि हाताला ते लागलं. ओठांवर येण्याआधी, अगदी पापणी लवेल एवढ्या वेळात, हे कुठलं आहे ते त्यांना कळलं होतं का? कळलं होतं, असं त्यांना आता वाटत होतं. दोन महिने ते वाक्य कुणीही न ऐकता पडून होतं. परीक्षेच्या दालनात कुणी हसत नाही. घामेजल्या हातांची मुलं ते वाचतील, चार गुणांपुरतं दुरुस्त करतील आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतील. ते एकदा तरी कुणीतरी हसून ऐकावं, एवढाच मोह. चोरी नव्हे, फितुरी नव्हे, पण अनवधानही नव्हे.

तिसऱ्या कागदावर त्यांनी लिहिलं: ‘मी सदर वाक्य वर्गात उच्चारले.’ त्यापुढे टिंब दिलं. पत्र टपालानं पोचायला चार दिवस गेले असते, म्हणून सोमवारी रजा टाकून त्या स्वतःच निघाल्या.

मंडळाच्या कचेरीत भेटीचा कागद भरावा लागे. ‘भेटीचे कारण’ या रकान्यात काय लिहावं? खरं लिहिलं तर खिडकीतला कारकून वाचणार. त्यांनी ‘वैयक्तिक’ लिहिलं.

“वैयक्तिक इथं चालत नाही, बाई,” कारकून म्हणाला. “गुणपडताळणी, दाखला, का नावात दुरुस्ती?”

“नावात दुरुस्ती,” बाई घाईनं म्हणाल्या.

“कुणाच्या?”

“माझ्याच.”

“या वयात?” त्यानं शिक्का मारला. “तिसरा मजला. पण ती खोली गोपनीय विभागाला लागून आहे, तिकडे घुसू नका हं.”

गोपनीय विभागाचे अधिकारी जाडसर होते, चष्मा कपाळावर. बाईंनी दार लावून घेतलं आणि पत्र पुढे केलं. त्यांनी चष्मा खाली ओढून ते दोनदा वाचलं.

“किती मुलं?”

“वर्गात अठ्ठेचाळीस. पण आता पलीकडच्या शाळेतही गेलंय.”

“कशावरून?”

“माझ्या नणंदेला गिऱ्हाइकानं विनोद म्हणून सांगितलं.”

“नणंदेला माहीत आहे?”

“वाक्य माहीत आहे. कुठलं ते नाही.”

अधिकारी खुर्चीत मागे रेलले. “बाई, तीन पत्रिका आहेत. गप्प राहिला असतात तर तीनांत दोन वेळा कुणाला पत्ताही लागला नसता.”

“तिसऱ्या वेळी लागला असता.”

“हं. अनवधानानं झालं असं लिहिलेलं दिसत नाही.”

“नाही लिहिलं,” बाई म्हणाल्या.

“लिहिलं असतंत तर मला सोपं गेलं असतं.” ते वाट बघत थांबले. बाईंनी पत्र परत घेतलं नाही, पेनही मागितलं नाही. तेव्हा त्यांनी उठून तिजोरी उघडली, एक पाकीट काढलं, लाख तपासली आणि ते बाईंपुढे ठेवलं. “तिन्ही पत्रिका परवा छापखान्यात जाणार. परवानंतर आला असतात तर छापलेलं सगळं फाडावं लागलं असतं. बसा. दुसरं वाक्य लिहा.”

“आत्ता? इथं?”

“मग कुठं? दुसऱ्या कुणाला सांगायचं तर आणखी एक माणूस वाढला. आणि ऐका. पुढल्या वर्षापासून तुमचं नाव यादीत नसेल. आधीच सांगतो, म्हणजे लिहिताना मनात काही नको.”

बाईंनी मान हलवली. कोरा कागद आला, पेन आलं, समोर अधिकारी हाताची घडी घालून बसले.

आणि डोकं रिकामं! नाही, रिकामं असतं तर बरं. ते खच्चून भरलेलं होतं, सव्वीस वर्षांच्या वाक्यांनी, आणि त्यातलं प्रत्येक कधी ना कधी वर्गात बोललेलं. टोपी उडाली, ते बोललेलं. नदी लहान दिसली, बोललेलं. कुत्रा भुंकला, रेडिओ रडला, आजोबा उकळले, सगळं बोलून झालेलं. जे तोंडातून एकदाही बाहेर पडलेलं नाही असं एक हवं होतं. भिंतीवरचं घड्याळ कर्कश. पंधरा मिनिटं गेली. अधिकाऱ्यांनी एकदा खाकरून दाखवलं. बाहेर शेजारच्या खोलीच्या खिडकीवर कुणीतरी कारकुनाशी भांडत होतं की अर्जावरचं अक्षर लागत नाही.

बाईंनी लिहिलं: ‘रिटन इन अ हरी, द क्लार्क कुड नॉट रीड द लेटर.’

अधिकाऱ्यांनी वाचलं. मग चष्मा पुसून वाचलं. “बरोबर आहे की. घाईत लिहिलेलं, म्हणून कारकुनाला वाचता आलं नाही. यात दोष कुठाय?”

“घाईत काय लिहिलंय?”

“पत्र.”

“आणि स्वल्पविरामानंतर आधी कोण आलंय?”

अधिकारी कागदाकडे बघत राहिले. त्यांचे ओठ हलले. “कारकून,” ते म्हणाले. “म्हणजे घाईत कारकूनच लिहिलाय?”

“हो.”

“अच्छा.” ते हसले नाहीत. “चालेल. कठीण आहे, पण चालेल.”

“मुलांना यात गंमत नाही वाटणार,” बाई म्हणाल्या. का म्हणाल्या कोण जाणे.

“परीक्षेत कशाला वाटायला हवी?” त्यांनी जुनं पान काढून नवं ठेवलं, बाईंच्या सह्या घेतल्या, लाख वितळवली. बाईंनी तळहातावर पेनानं दोन शब्द खरडले होते, तेही ओल्या रुमालानं पुसायला लावले. “आणि बाई, हे आता परीक्षा होईस्तोवर तोंडात येता कामा नये.”

जिना उतरताना बाईंना हलकं वाटायला हवं होतं. पहिल्या मजल्यापर्यंत वाटलंही. मग लक्षात आलं, की आत आता बटण नाही, पण कारकून आहे. त्याला आठ आठवडे सांभाळायचंय. आणि तो निघायला बटणाहून सोपा, कारण तो साधा आहे. साधी वाक्यंच जिभेवर पटकन येतात.

“रजा कशाला घेतली होतीस गं?” संध्याकाळी ताईनं विचारलं.

“दातासाठी.”

“काढला?”

“हो.”

“मग बोलू नकोस आता. गप्प बस.”

“तेच करणार आहे,” बाई म्हणाल्या.

मंगळवारी दुपारचा तास. पुढच्या बाकावरची मुलगी वही उघडून, तारीख टाकून तयार.

“पुस्तक काढा,” बाई म्हणाल्या.

“पुस्तक?” लांबुडका म्हणाला. “बाई, पुस्तकातली नको ना. तुमची सांगा.”

“पुस्तकातली चांगली आहेत.”

“मचूळ आहेत!”

“मचूळच चालतील.”

पोरांनी कुरकुरत पुस्तकं काढली. कुणी खिडकीबाहेर बघू लागलं. मुलीनं पेन खाली ठेवलं. पुस्तकातलं लिहून घ्यायची तिला गरज नव्हती. ती हनुवटीला हात लावून बाईंकडे बघत राहिली, बाईंचं काहीतरी दुखतंय अशा नजरेनं. बाईंनी पुस्तक जरा वर, तोंडापुढे धरलं आणि छापलेल्या ओळीवर बोट ठेवून, एकही शब्द पदरचा न घालता, वाचायला सुरुवात केली.